पिंक फ्लॉइडची गाणी, पण दुसऱ्यांनी केलेली: ऐकण्याजोगी कव्हर्स सुचवा

मुळाकाठी

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि दोन तास एकाच विषयाची गाणी ऐकतो. गाणं चालू असताना बोलायचं नाही, चर्चा नंतर चहाबरोबर. पुढची बैठक माझ्याकडे आहे. विषय ठरवलाय पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची गाणी, पण फ्लॉइडने वाजवलेली नाहीत.

हुबेहूब वाजवणारे नकोत. ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शोबद्दल मला आदर आहे. १९९६ साली फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ते वाजवून आले, यातच सगळं आलं. प्रत्यक्ष कार्यक्रमात त्याची मजा वेगळी असते. पण तेच स्वर आणि तोच टोन घरच्या स्पीकरवर ऐकायचा तर मूळ रेकॉर्ड आहेच की. मला अशी कव्हर्स हवीत ज्यात वाजवणाऱ्याने स्वतःचं काही घातलंय आणि तरी गाण्याचा कणा शाबूत आहे.

येणाऱ्यांत तिघे पक्के शास्त्रीय संगीत ऐकणारे आहेत, फ्लॉइड त्यांच्या कानावरून कधी गेलेलं नाही. एक मित्र मात्र असा की त्याला 'डार्क साइड ऑफ द मून' या फ्लॉइडच्या अल्बममधलं प्रत्येक घड्याळ कधी वाजतं ते पाठ आहे. दोन्ही बाजूंना धरून ठेवायचंय. सिझर सिस्टर्सचं 'कम्फर्टेबली नम' आणि कॉर्नने केलेले 'अनदर ब्रिक इन द वॉल'चे तिन्ही भाग मला माहीत आहेत. त्यापलीकडचं सांगा. सुरुवात कशाने करू, हेही सांगा.

आडताल

सुरुवात 'डब साइड ऑफ द मून'ने करा, दुसरा विचारच नको. न्यू यॉर्कच्या इझी स्टार ऑल-स्टार्सनी २००३ साली सबंध 'डार्क साइड' रेगे-डबमध्ये केला. नाव ऐकून थट्टा वाटते, पण फार विचारपूर्वक केलेलं काम आहे.

असं बघा, डब हे मिक्सिंगच्या टेबलावर घडणारं संगीत आहे. सत्तरच्या दशकात किंग टबी आणि ली पेरी जमैकात बसून ड्रम-बेस तेवढे ठेवायचे, बाकीचं काढून टाकायचे आणि उरलेल्या जागेत एको सोडायचे. त्याच काळात फ्लॉइडवाले लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत टेपच्या लूप करत होते, आवाजाला एको देत होते. 'अस अँड देम'च्या पहिल्या ओळीत शब्द म्हणून झाला तरी मागे घुमत राहतो, आठवतंय ना? ते मुळातच डबच्या अगदी शेजारचं आहे. म्हणून फ्रँकी पॉल ते गातो तेव्हा गाणं ओढूनताणून रेगेत आणलंय असं वाटत नाही. 'टाइम'मध्ये कोरी हॅरिस गातो आणि रँकिंग जो त्यावर टोस्टिंग करतो, म्हणजे ठेक्यावर तालात बोलतो, तेही झकास.

तुमच्या शास्त्रीयवाल्यांसाठी 'मनी' लावा. मूळ गाणं सात मात्रांचं आहे. रेगेच्या हाडात चारचा ठेका असतो, तरी यांनी सातचा हिशोब सोडलेला नाही. रूपक हाताला असलेला माणूस काही आवर्तनांत सम पकडेल आणि मग त्याला बाकी काही समजावून सांगावं लागणार नाही. मूळ रेकॉर्डवर डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण गिलमोरच्या गिटारपाशी गाणं चारात जातं. हे नंतर चहाच्या वेळी सांगा, आधी नको. आणि नाण्यांच्या खणखणाटाच्या जागी यांनी काय आवाज ठेवलेत ते तुमच्या घड्याळवाल्या मित्राला ओळखू दे.

रविवारसकाळ

वरच्याशी सहमत. माझी भर: रॉड्रिगो इ गॅब्रिएलाचं 'एकोज', २०१९, अल्बम 'मेटाव्होल्यूशन'. मेक्सिकोची जोडी, दोन गिटार. मूळ 'एकोज' १९७१चं, 'मेडल'ची अख्खी दुसरी बाजू, साडेतेवीस मिनिटांचं. हे एकोणीस मिनिटांच्या आसपास आहे.

यात शब्द नाहीत. गाण्याची ओळ गिटारवरच येते. गॅब्रिएला गिटारच्या लाकडावर हाताने ठेका धरते, त्यामुळे ड्रमची उणीव भासत नाही. मूळ गाणं सुरू होतं ते फ्लॉइडच्या रिक राइटच्या पियानोच्या एका स्वराने, लेस्ली स्पीकरमधून (आत फिरणारा, आवाज हेलकावणारा स्पीकर) काढलेला तो 'पिंग'. माझ्या मते मूळ गाण्याचं निम्मं गारूड त्या आवाजात आहे, आणि यांच्याकडे तो आवाजच नाही. मग उरते ती चाल, आणि ती इतकी भक्कम आहे हे मला ही तार ऐकल्यावर कळलं. हे दोघे पूर्वी थ्रॅश मेटल वाजवायचे, ते मधल्या भागातल्या उजव्या हाताच्या मारात ऐकू येतं.

बैठकीत इतकं लांब गाणं एकच ठेवा आणि ते हेच असू द्या.

लोखंडी_कान

इथे सगळे सौम्य सुचवणार हे माहीत होतं म्हणून मी आलो.

व्हॉयव्हॉड, 'अॅस्ट्रॉनॉमी डोमिने', १९८९, अल्बम 'नथिंगफेस'. कॅनडाच्या क्वेबेकचा मेटल बँड. मूळ गाणं फ्लॉइडचा सुरुवातीचा गायक-गिटारवादक सिड बॅरेटचं, फ्लॉइडच्या १९६७च्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच. फ्लॉइड म्हटलं की लोकांना 'डार्क साइड'पासून पुढचंच आठवतं. सिडच्या काळातलं जे विस्कटलेपण आहे, सूर कुठून कुठे उडी मारेल याचा नेम नसणं, ते व्हॉयव्हॉडच्या स्वतःच्या गाण्यांतही होतं. त्यांच्या अल्बममध्ये हे गाणं परकं वाटत नाही, हीच माझी कव्हरची कसोटी.

दुसरं, बॉडी काउंटचं 'कम्फर्टेबली नम', २०२४. त्यांचा गायक आइस-टीने कडव्यांत आजच्या जगाबद्दल स्वतःचे शब्द घातलेत आणि गिटार खुद्द गिलमोरने वाजवली आहे. मूळ गाण्यात सुन्न झालेला एक माणूस आहे, इथे सगळा समाज सुन्न झालाय. सिझर सिस्टर्स ठेवणार असाल तर त्याच्या शेजारी हे ठेवा.

ड्रीम थिएटरने ऑक्टोबर २००५मध्ये लंडनला अख्खा 'डार्क साइड' वाजवला, त्याचं अधिकृत बूटलेगही (बँडनेच काढलेलं कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग) आहे. पण तुमच्या अटीत बसत नाही, फार प्रामाणिकपणे वाजवलंय. नाइटविशचं 'हाय होप्स' मात्र जरूर ऐका, त्याच महिन्यात हेलसिंकीला केलेलं. मार्को हिएताला गातो. गिलमोर हे गाणं थकलेल्या माणसासारखं म्हणतो, मार्को भांडल्यासारखं.

मुळाकाठी

वा, वाचनखूण साठवली. 'डार्क साइड'मधल्या, शब्दांशिवाय गायलेल्या 'ग्रेट गिग इन द स्काय'चं काय करावं? आलाप ऐकणाऱ्यांना ते सगळ्यात जवळचं वाटेल असं माझं मन सांगतंय. कुणी चांगलं गायलंय?

बोरीबंदर

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ गायिका क्लेअर टोरी. जानेवारी १९७३मध्ये तिला अॅबी रोडवर बोलावलं, रिक राइटच्या स्वरसंगतीचा ट्रॅक ऐकवला. शब्द नाहीत, चाल नाही. तिने तिथल्या तिथे जे गायलं ते रेकॉर्डवर आहे. त्याचे तिला तीस पौंड मिळाले. पुढे २००४ साली तिने दावा लावला, २००५मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून राइटच्या बरोबरीने तिचंही नाव येतं. योग्यच झालं. ते गाणं तिने गाता गाता रचलंय.

आता गंमत अशी की त्यानंतर जी गायिका ते गाते ती टोरीचीच हरकत न् हरकत उतरवते. फेब्रुवारी २००७ला फ्लॉइडचा जुना सदस्य रॉजर वॉटर्स मुंबईत बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर आला होता, तेव्हा मी गर्दीत होतो. उत्तरार्धात सबंध 'डार्क साइड'. त्या दौऱ्यात हे गाणं कॅरल केनियन गायची. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण तेव्हापासून डोक्यात बसलंय की जी गोष्ट उत्स्फूर्त जन्मली तिची बंदिश झाली आहे. ड्रीम थिएटरबरोबर थेरेसा थॉमसन गायली तेही त्याच वाटेने, गळा अप्रतिम.

म्हणून मी फ्लेमिंग लिप्सचं सुचवतो. २००९ साली त्यांनी स्टारडेथ अँड व्हाइट ड्वार्फ्स या बँडबरोबर पूर्ण 'डार्क साइड' केला. गाण्यांमधली बोलणी हेन्री रोलिन्सच्या आवाजात आहेत आणि 'ग्रेट गिग' पीचेस गाते. गाते म्हणजे किंचाळते. सुरेलपणाचा आग्रह नाहीच. टोरीला सांगितलं होतं ते मृत्यूच्या विचारातून गा असं, आणि पीचेसकडे तो विचार घाबरलेल्या माणसाचा आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बंद करावंसं वाटलं होतं. आज मला टोरीनंतरचं तेच सगळ्यात खरं वाटतं.

आडताल

बोरीबंदर, तुमचा मुद्दा पटतो, पण त्या बैठकीत ते लावू नका हो. आलाप ऐकायला बसलेल्या माणसाला ती किंकाळी समोर आणली तर तो पुढच्या गाण्याला कान देणार नाही. 'डब साइड'वर कर्स्टी रॉक गाते ते ठेवा. आणि मूळ ऐकवण्याची सूट या एका गाण्यापुरती घ्या, असं मी म्हणेन. कव्हर आधी, टोरी नंतर.

बोरीबंदर

नाही पटलं. शास्त्रीय ऐकणारे कान कच्चे नसतात. आवाज लावण्याची प्रत्येक घराण्याची वेगळी रीत ते ऐकत आलेत. त्यांना गोड तेवढंच वाढायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे. टोरीची गोष्ट आधी सांगून पीचेस लावा. आवडणार नाही कदाचित, पण वाद तरी होईल.

पडद्यामागे

वाद चालू द्या, मी फ्लॉइडच्या 'द वॉल' अल्बमकडे वळतो.

ल्यूथर राइट अँड द राँग्ज, 'रीबिल्ड द वॉल', २००१. कॅनडाचाच बँड. १९७९चा सबंध दुहेरी अल्बम कंट्री आणि ब्लूग्रासमध्ये, बँजो-फिडल घेऊन. 'द वॉल' ही बाप युद्धात गेलेल्या, स्वतःला कोंडून घेतलेल्या माणसाची कहाणी आहे आणि कंट्री गाण्यांत अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ध्वनीचा सगळा पसारा काढला की वॉटर्सने किती साधी, कथा सांगणारी गाणी लिहिली होती ते दिसतं. 'मदर' इथलंच ठेवा.

किंवा 'मदर' वॉटर्सच्या बर्लिनमधल्या 'द वॉल'च्या कार्यक्रमातलं ठेवा. २१ जुलै १९९०, पोट्सडामर प्लाट्झ, भिंत पडून वर्षही झालं नव्हतं. शिनेड ओकॉनर गाते आणि साथीला 'द बँड' नावाच्या बँडचे रिक डँको, लेव्हॉन हेल्म, गार्थ हडसन. त्याच रात्री 'कम्फर्टेबली नम' व्हॅन मॉरिसनने गायलं, तेही याच मंडळींबरोबर. वॉटर्स स्वतः मंचावर होता म्हणून कुणी याला कव्हर म्हणणार नाही, पण मॉरिसनने ते गाणं सोल संगीताच्या अंगाने इतकं आपलंसं केलंय की मी ते यादीत धरतोच.

सिझर सिस्टर्सबद्दल एक सांगायचंय. २००४ साली ते ब्रिटनच्या पहिल्या दहात गेलं तेव्हा डिस्कोत फ्लॉइड म्हणून बरीच नाकं मुरडली गेली. पण 'अनदर ब्रिक'च्या दुसऱ्या भागाला डिस्कोचा ठेका फ्लॉइडनेच दिला होता, निर्माता बॉब एझ्रिनच्या आग्रहावरून. आणि त्याच्याही आधी, १९७७ला, फ्रान्समध्ये रोझबड नावाच्या मंडळींनी 'डिस्कोबॉल्स' हा आख्खा फ्लॉइडचा डिस्को अल्बम काढला होता. पुढे चित्रपट संगीतात मोठं नाव झालेला गॅब्रिएल यारेद त्यात होता. त्यातलं 'हॅव अ सिगार' लावा, चार भिंतीत बसलेली माणसं पाय हलवायला लागतील.

लोखंडी_कान

'हॅव अ सिगार'च हवं असेल तर प्रायमसचं, १९९२. लेस क्लेपूलचा बेस. त्याच क्लेपूलने पुढे फ्रॉग ब्रिगेडबरोबर फ्लॉइडचा 'अॅनिमल्स' अल्बम सगळाच्या सगळा मंचावर वाजवला, २००१ला रेकॉर्ड आली. 'अॅनिमल्स'ला हात लावणारे फार कमी, म्हणून त्याची किंमत जास्त.

रविवारसकाळ

जॅझचं कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात: गिटारवादक न्यूएन ले आणि जर्मनीची एनडीआर बिगबँड, 'सेलिब्रेटिंग द डार्क साइड ऑफ द मून', २०१४. मायकेल गिब्जचं वाद्यवृंद संयोजन, कोरियाची यून सन ना गाते. न्यूएन ले व्हिएतनामी वंशाचा, त्याची गिटार स्वर वाकवते, ते आपल्या कानाला लगेच पटतं. तुमच्या तिघांसाठी मी पहिली निवड हीच करेन.

लंडन फिलहार्मोनिकचं १९९५चं 'अस अँड देम' कुणी ना कुणी सुचवेलच. जॅझ कोलमनने छान बांधलंय, पण दोन तासांच्या बैठकीत माणसं पेंगतील.

मुळाकाठी

खूप आभार सगळ्यांचे. यादी अशी जमतेय: पहिल्यांदा 'डब साइड'चं 'टाइम' आणि 'मनी'. मग न्यूएन लेची दोन गाणी. मग डेव्हिड बोवीचं 'सी एमिली प्ले', हे कुणी सुचवलं नाही पण माझ्याकडे आहे: १९७३च्या 'पिन अप्स'वरचं, सिडवरच्या प्रेमापोटी केलेलं, शेवटी व्हायोलिनांचा एक विचित्र तुकडा. त्यानंतर ल्यूथर राइटचं 'मदर', मॉरिसनचं आणि बॉडी काउंटचं 'कम्फर्टेबली नम' पाठोपाठ. शेवट 'एकोज'.

'ग्रेट गिग'चं मी ठरवलंय: टोरीची गोष्ट सांगेन आणि पीचेस लावेन. मूळ रेकॉर्ड त्या दिवशी लावणार नाही. ज्यांनी फ्लॉइड कधी ऐकलं नाही त्यांनी घरी जाऊन ते शोधावं, अशी इच्छा आहे.

आडताल

पीचेसबद्दल माझं मत तेच आहे, पण बैठक तुमची. एक सांगतो, 'डब साइड' लावणार असाल तर लॅपटॉपच्या स्पीकरवर अजिबात नको. बेस नीट वाजला नाही तर त्या अल्बममध्ये काही उरत नाही. कुणाकडून तरी चांगले स्पीकर मागून आणा.

लोखंडी_कान

आणि व्हॉयव्हॉड? साडेपाच मिनिटांचं तर गाणं आहे. बोवीनंतर लावा, सिडची दोन गाणी एकत्र येतील.

मुळाकाठी

हे सुचलंच नव्हतं. बोवीनंतर व्हॉयव्हॉड, पक्कं. स्पीकरची सोय झाली आहे.