मदत हवी आहे: उताराच्या प्लॉटवर भराव करायचाय, माती खालच्या शेतात वाहून जाऊ नये म्हणून नियम काय आहेत?

नमस्कार मंडळी, सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला आमचा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे, यंदा बांधकाम काढायचंय. उतार चांगलाच आहे, खालची कड वरच्यापेक्षा पुरुषभर खाली, त्यामुळं आधी जेसीबी लावून काळी माती काढायची आणि मुरमाचा भराव टाकून लेव्हल करायचं असं ठरलंय. खाली लागूनच तात्यांचं ज्वारीचं रान आणि त्याच्या कडेनं ओढा. नकाशा, परमिशनची फाईल सगळं आर्किटेक्ट बघतोय पण पावसात ही सुटी माती कुठं जाणार याबद्दल त्यात एक ओळ नाही, विचारलं तर म्हणतो सोलापुरात पाऊस पडतो कुठं.

अहो पण पडतो तेव्हा सप्टेंबरात धो धो पडतो की! गेल्या वर्षी पलीकडच्या लेआऊटचा भराव असाच उघडा पडला होता, एका रात्रीत सगळा मुरूम तात्यांच्या रानात, रब्बीसाठी पाळ्या घालून तयार केलेली जमीन, तिच्यावर पिवळट चिखलाचा थर आणि तो वाळून पापुद्रे सुटलेले. तात्या काही बोलले नाहीत पण मला ते बघवलं नाही. आमच्यामुळं परत तसं नको.

तर माती अडवणं मालकावर बंधनकारक आहे का, कुठल्या नियमात, आणि मुरूम आणायला, माती उचलायला तहसीलची परवानगी वेगळी लागते का?

प्रतिसाद १:
साईटवर काम करतो म्हणून सांगतो. मुरूम रॉयल्टी (खनिजावरचं सरकारी शुल्क) भरलेलाच घ्या, गाडीसोबत वाहतूक पास मागा, विनापरवाना गौण खनिज (मुरूम, माती वगैरे) सापडलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड आहे. पायाची माती त्याच प्लॉटवर भरायला वापरली तर रॉयल्टी लागत नाही, २०१४ ला सुप्रीम कोर्टानं पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या केसमधे तसं सांगितलंय. केंद्राच्या २०१६ च्या राडारोडा नियमांतही माल आवारातच ठेवायचा, गटार तुंबू द्यायचं नाही, ही जबाबदारी काम काढणाऱ्यावरच टाकली होती.

बाकी कामाचं म्हणजे भराव वीत-वीत थरानं, पाणी मारून रोलर फिरवूनच करा. कड उभी ठेवू नका, एक फूट उंचीला दोन फूट आडवा असा ढाळ द्या आणि दगडी पिचिंग करा, म्हणजे ढाळावर दगड बसवून घ्या. वरच्या अंगाला चर काढून बाहेरचं पाणी प्लॉटमधे येऊच देऊ नका, खालच्या कोपऱ्यात गाळ बसायला खड्डा ठेवा. काळ्या मातीचा ढीग ओढ्याकडं अजिबात नको, भिजली की फुगते आणि लोण्यासारखी घसरते.

धागाकर्ता:
लई उपकार दादा, चराचं डोक्यातच नव्हतं. अजून एक, तात्या म्हणतात काळी माती मलाच दे, रानात पसरतो. प्लॉटच्या बाहेर जाणार म्हणजे त्याला तलाठ्याकडं अर्ज करावा लागेल का? इथं कुणी केलाय का असा?