मदत हवी आहे: टाकोंचा खिमा होतोय, काय चुकतंय?

वसईवाली
आधीच सांगते, धागा बीफचा आहे. ज्यांना चालत नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही. खावं की खाऊ नये ही चर्चाही इथे नको, त्यासाठी दुसरे धागे वाहताहेत.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. शाळेत आणि मित्रांच्या घरी मिळतात तस्सेच टाको त्यांना घरी हवेत: मक्याचं कडक, दुमडलेलं शेल, आत बारीक बीफ, वर लेट्यूस आणि पिवळं चीज. मागे एकदा मी मऊ टॉर्टियात आपला नेहमीचा खिमा भरून दिला. मुलगा म्हणाला, "मम्मा, ही तर फ्रँकी आहे." गेल्या सुट्टीत वांद्र्याला खाल्लेली त्याला बरोबर आठवली.

बुधवारी मी सहाला घरी पोचते आणि सव्वासातला मुलीचा पोहण्याचा क्लास. म्हणजे जायचा वेळ वगळता हातात जेमतेम पाऊण तास, त्यात जेवणंही उरकायची.

दोनदा करून पाहिले. पहिल्या वेळी इंग्रजी रेसिपीत एक पाउंड बीफला दोन टेबलस्पून चिली पावडर लिहिली होती. जास्त वाटली, पण म्हटलं हे लोक एवढं तिखट खात असतील तर खात असतील. घरच्या डब्यातलं तिखट घातलं, आईने कुटून पाठवलेलं. मुलगी रडली, मुलाने दूध संपवलं, नवरा काही न बोलता फ्रिजमधून दही काढून बसला.

दुसऱ्या वेळी शहाणपणा करून तयार मसाल्याचं पाकीट आणलं. चव बरी होती, पण बीफ करड्या रंगाचं, उकडल्यासारखं, त्याचे रबरी गोळे आणि खाली रस्सा. शेल तळातून भिजलं, पहिल्याच घासाला सगळं मांडीवर. केलं होतं असं: बीफ दोन पाण्यांनी धुऊन चाळणीत निथळलं, कांदा गुलाबी परतला, आलं-लसूण, मग बीफ, झाकण ठेवून पंधरा मिनिटं, शेवटी पाकीट. आई खिमा करते तसंच.

आणखी एक अडचण. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, कोल्हापूरहून. मटण आवडीने खातात, बीफ नाही. "तुम्ही खावा की, माझं काय" म्हणतात, पण पानात वरण-भात घेऊन एकट्याच बसतात, ते मला बरं वाटत नाही. दोन वेगळे स्वयंपाक न करता त्यांनाही टाको देता येतील का?

टेक्सासकर
बीफ धुतलंत? इथेच संपला विषय. काकूंना येऊ द्या, त्या सविस्तर सांगतील.

सॅन अँटोनियोची काकू
आलेच. अगं वसईवाली, तुझ्या पाककृतीत चूक एकच आहे, की ती खिम्याची आहे.

आधी तिखटाचं. इथे चिली पावडर म्हणून जी बाटली मिळते ती निव्वळ मिरची नसते. आंचोसारख्या सौम्य सुकलेल्या मिरच्या, जिरं, ओरेगानो, लसूण असा तयार मसाला असतो तो. आमच्या गावाजवळच्या न्यू ब्राउनफेल्समध्ये गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात तो विकायला सुरुवात केली. त्यामुळे रेसिपीतले दोन टेबलस्पून म्हणजे आपण गोडा मसाला घालावा तसे आहेत. तुझ्या आईचं तिखट तिथे घालायचंच नाही. मीही १९९६ साली हेच केलं होतं, पाहुण्यांना.

आता पाणी. आपल्याकडे खाटकाकडून खिमा आणला की धुवायची सवय असते. इथलं बारीक केलेलं बीफ धुतलंस की पाणी मांसाच्या कणाकणात अडकून बसतं, मग कितीही निथळ. धुऊन जंतूही जात नाहीत, कारण दळताना ते आतपर्यंत मिसळलेले असतात, उलट सिंकभर उडतात. जातात ते आचेने. इथल्या कृषी खात्याचा आकडा १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सियस. थर्मामीटर नसेल तर गुलाबी कुठे उरलं नाही आणि पॅनमध्ये चरचर ऐकू येते आहे, इतकं पाहत जा. रंगावर पूर्ण भरवसा नाही, म्हणून दहा-बारा डॉलरचा थर्मामीटर घेच.

आता कृती. सगळ्यात रुंद, जड तळाचा पॅन घे, बिडाचा असेल तर उत्तम. मोठ्या आचेवर चांगला तापू दे. तेल नको. पाकिटातलं बीफ सरळ पॅनमध्ये पालथं कर, थालीपीठ थापावं तसं पसरव आणि हात काढून घे. तीन-चार मिनिटं ढवळायचं नाही. हेच आपल्याला जमत नाही, हात शिवशिवतात. कडा तपकिरी झाल्या की उलथून टाक, पुन्हा दोन मिनिटं थांब, मग लाकडी उलथण्याने मोडत जा. खमंग वास येतो तो या तपकिरी खरपुडीचा. झाकण ठेवलंस की वाफेचं पाणी परत आत पडतं आणि तुझं ते करडं उकडलेलं बीफ तयार.

बीफ घेताना ८५/१५ घे, म्हणजे १५ टक्के चरबी. ८०/२० ला चव जास्त, पण चरबी फार सुटते. ९३/७ कोरडं कोरडं होतं. सुटलेली चरबी चमचाभर ठेवून बाकीची रिकाम्या डब्यात ओत. सिंकमध्ये नको, थिजून नळी तुंबते.

कांदा या वेळी, आधी नाही. अर्धा कांदा बारीक चिरून दोन मिनिटं. आलं नको, हळद नको, गरम मसाला तर नकोच. एक पाउंडाला माझा मसाला असा: इथली चिली पावडर एक टेबलस्पून, जिरेपूड एक टीस्पून, पॅप्रिका, सुकं लसूण आणि ओरेगानो अर्धा अर्धा टीस्पून, मीठ पाऊण, कॉर्नस्टार्च एक टीस्पून सपाट. कॉर्नस्टार्च विसरू नकोस. विकतच्या पाकिटात बहुधा स्टार्च असतो, म्हणून ते दाटतं. मसाला आणि एक चमचा टोमॅटो पेस्ट त्या चरबीत अर्धा मिनिट परत, मग अर्धा कप पाणी घालून चार-पाच मिनिटं उघडंच आटव. पॅनमधून उलथणं ओढल्यावर मागे वाट मोकळी राहिली पाहिजे, लगेच रस भरून येता कामा नये.

खवय्या
सगळं ठीक, पण याला टाको म्हणणं म्हणजे वडापावला बर्गर म्हणण्यासारखं आहे. मेक्सिकोत कडक शेल, पिवळं चीज आणि आइसबर्ग लेट्यूस कोणी घालत नाही. तिथे मऊ टॉर्टिया, कांदा, कोथिंबीर, लिंबू. बास.

टेक्सासकर
आले. वाटच पाहत होतो.
खवय्येसाहेब, कडक टाको काही बर्गरवाल्यांनी शोधलेला नाही. मेक्सिकन घरांत तळलेले टाको दोराडो आधीपासून होते. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला मित्ला कॅफे १९३७ पासून आहे, मेक्सिकन कुटुंबाचं. त्यांचे टाको खाऊन खाऊन समोरच्या हॉट डॉग गाडीवाल्या ग्लेन बेलने कृती उचलली आणि १९६२ मध्ये टाको बेल ही फास्ट फूडची साखळी काढली. दुमडलेली शेलं एकदम तळायच्या साच्याचं पेटंटही न्यूयॉर्कच्या एका मेक्सिकन हॉटेलवाल्याच्या, हुवेन्सियो माल्दोनादोच्या नावावर आहे, १९५० सालचं. पोरांना जे हवं आहे ते अमेरिकेतल्या मेक्सिकन लोकांचं खाणं आहे, नकली काही नाही.

खवय्या
माल्दोनादोचं माहीत नव्हतं. बरं. पण चीज तरी स्वतः किसा. पाकिटातल्या किसावर गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च नाहीतर सेल्युलोज लावतात, ते नीट वितळत नाही.

कैरी_पन्हं
सासूबाईंसाठी: काळ्या घेवड्याचा १५ औंसाचा एक डबा. चाळणीत ओतून नळाखाली धू (हे मात्र धुवायचं!). दुसऱ्या छोट्या पॅनमध्ये चमचाभर तेल, त्यात काकूंच्याच मसाल्याचा निम्मा भाग, घेवडा, पाव कप पाणी, आणि पावभाजीच्या रगडण्याने अर्धे दाणे मोड. आठ मिनिटांत होतं. आधी हे गॅसवर चढव, मग बीफ काढ, म्हणजे हात-चमचा सरमिसळ होत नाही. घेवडा नसेल तर राजमाही चालेल. फक्त तयार रीफ्राइड बीन्सचा (शिजवून रगडून परतलेला घेवडा) डबा घेणार असशील तर मागचं लेबल वाच, पारंपरिक प्रकारात डुकराची चरबी असते.

आणि सगळं टेबलावर वाट्यांत मांड, ज्याने त्याने आपापलं भरावं. भेळ करतो तसं. मग एकट्याचं पान वेगळं दिसत नाही.

वसईवाली
धन्स सगळ्यांना! काकू, धुतल्याचं वाचून मीच कपाळावर हात मारला. न धुता मांस शिजवायचं म्हणजे आईला फोनवर सांगता येणार नाही. कैरी, भेळेची आयडिया एकदम पटली.
आता शेलचं सांगा. अर्धी तर खोक्यातूनच फुटून निघतात. मक्याचं पीठ आहे घरात, त्याची घरी थापली तर?

सॅन अँटोनियोची काकू
आपल्या भाकरीच्या मक्याच्या पिठाची नको, तुकडे पडतील. टॉर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजवतात, त्याने साल सुटतं आणि पीठ एकमेकांना धरतं. ते पीठ मासा हारिना म्हणून मिळतं. पण ते रविवारचं काम, बुधवारचं नव्हे.

खोक्यातली शेलं ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटला पाच मिनिटं ठेव, उघडा भाग खाली करून रॅकवर. त्याने कडक होतात आणि मिटून जात नाहीत. भरताना तळाला आधी चीज, त्यावर गरम बीफ. चीज वितळून तडे बुजवतं. टोमॅटो चिरून मीठ लावलेला असेल तर त्याचं पाणी काढून टाक. लेट्यूस, टोमॅटो सगळं शेवटी. भरून ठेवायचे नाहीत, भरला की खायचा.

टेक्सासकर
अजून एक युक्ती: मऊ टॉर्टियाला रीफ्राइड बीन्स फासून ती कडक शेलभोवती गुंडाळा. फुटलं तरी आत राहतं. मुलं खूश.
रच्याकने, रविवारी दोन पाउंड एकदम तपकिरी करून अर्धं झिपच्या पिशवीत चपटं पसरून फ्रीझरमध्ये टाका. पुढच्या बुधवारी वीस मिनिटांत जेवण.

मुळशीकर
मी बीफ खात नाही, पण हात शिवशिवण्याचं चिकनच्या खिम्याला करून पाहिलं. खरंच फरक पडतो. वाचनखूण साठवली आहे.

वसईवाली
(पुढचा बुधवार, रात्री साडेनऊ)

झाले!! सहा वाजून दहा मिनिटांनी सुरुवात, पावणेसातला ताटं मांडलेली. घेवडा आधी, मग बीफ. पॅनमध्ये पसरलं आणि खरंच हात मागे बांधून उभी राहिले. मुलगी विचारत होती, "मम्मा, तुला शिक्षा झालीये का?" चार मिनिटांनी उलथलं तर खाली अशी खरपूस तपकिरी, जशी भाकरीच्या पापुद्र्यावर डाग पडतात. आणि पाणी नाहीच. काकू, उलथण्याची वाटही मोकळी राहिली.

मुलाने पहिला घास घेतला, चावला, आणि म्हणाला, "ओके." नऊ वर्षांच्या मुलाकडून याहून जास्त मिळत नाही. चार खाल्ले.

सासूबाईंनी शेल हातात फिरवून पाहिलं, म्हणाल्या, "ही तर शेवपुरीची मोठी बहीण." मग घेवडा, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, आणि वरून स्वतःच्या बॅगेतला कांदा-लसूण मसाला. नवऱ्याने वास घेतला आणि आपल्या बीफच्या टाकोवरही तोच भुरभुरला. खवय्या, तुम्ही इथे नव्हता ते बरं झालं. मीही एक चाखला. छान लागतो हो. पुढच्या बुधवारी घेवडा त्याच करणार आहेत, त्यांच्या पद्धतीने. मी फक्त डबा उघडून द्यायचा.

मीठ मात्र मला किंचित जास्त वाटलं, चीजही खारट असतं म्हणून असेल. पुढच्या वेळी अर्धाच टीस्पून घालीन.

सॅन अँटोनियोची काकू
शाब्बास. मीठ चीज पाहून घाल, बरोबर. आणि शेलं?

वसईवाली
खोक्यातली दोन फुटलेलीच होती, काकू. त्यांच्या तुकड्यांनी मी पॅनमधली खरपुडी पुसून ओट्याशी उभ्याउभ्या खाल्ली. क्लासला पाच मिनिटं उशीर झाला.