सासू-सासऱ्यांना घेऊन प्लिमथ पटक्सेट: जावं का, आणि तिथे बोलावं काय?

अवनीची_आई:

नमस्कार मंडळी. आम्ही बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला राहतो. सासू-सासरे कराडहून आलेत, थँक्सगिव्हिंगच्या आधी परत जातील. लेक तिसरीत आहे. शाळेत सध्या १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेले इंग्रज आणि इथले मूळ रहिवासी वाम्पानोआग यांचा धडा चाललाय, त्यामुळे तिने प्लिमथ पटक्सेट संग्रहालयातल्या त्या जुन्या गावाचा धोशा लावलाय, जिथे लोक जुने कपडे घालून चारशे वर्षांपूर्वीसारखे राहतात. नवऱ्याचं म्हणणं, "मातीची घरं आणि चुली बघायला तिकीट काढायचं? दादांच्या लहानपणी घरी तेच होतं."

दादांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आयुष्यभर शेती केली, इंग्रजी फारसं येत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना तिथे कंटाळा येईल का? आणि त्या वेषातल्या लोकांशी नेमकं बोलायचं काय? मला तर अशा ठिकाणी संकोचच वाटतो. कुणी गेलं असेल तर सांगा.

तासगावकर:

ताई, जा. आणि "आपल्या घरी तेच होतं" हे तर जायचं कारण आहे, न जायचं नव्हे.

मी प्लिमथच्या जवळच राहतो. देशातून आलेला एकही पाहुणा मी तिथे नेल्याशिवाय परत पाठवत नाही, बायको वैतागली तरी. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट गाडीतच मुलीला सांगून ठेवा. तिथे दोन वस्त्या आहेत आणि दोन्हीकडची रीत वेगळी. इंग्रजांच्या गावातली माणसं भूमिका करतात. ती १६२७ सालात राहतात, पुढचं त्यांना काही ठाऊक नसतं. अमेरिका नावाचा देश, रेल्वे, फोन, काही नाही. पटक्सेटच्या वस्तीतली माणसं मात्र भूमिका करत नाहीत. ती खरोखरच वाम्पानोआग किंवा इतर मूळ जमातींची असतात. पोशाख जुन्या पद्धतीचा, पण बोलतात आजची माणसं म्हणून. काल रात्री बघितलेल्या बेसबॉलच्या मॅचबद्दलही बोलतील. त्यांना "तुम्ही अजून असेच राहता का?" असं विचारणारे पर्यटक मी बघितलेत. समोरचा माणूस शांतपणे उत्तर देतो, पण आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बहुतेक लोक या वस्तीतून भराभर निघून इंग्रजांच्या गावाकडे पळतात. तुम्ही उलट करा. दादांना तिथे जास्त वेळ द्या. लाकडाच्या लवचिक फांद्या वाकवून केलेलं त्यांचं घर असतं, वीटू म्हणतात. हिवाळी घराला झाडाची साल, उन्हाळी घराला पाणकणसाच्या चटया. अख्ख्या खोडाची होडी करताना ते आतलं लाकूड जाळतात आणि जळालेलं खरवडून काढतात. दिवसेंदिवस त्या आगीवर लक्ष ठेवावं लागतं. आणि शेत! मक्याच्या ताटावर घेवडा चढवायचा, खाली भोपळा पसरू द्यायचा, मातीच्या ढिगात खत म्हणून मासे पुरायचे. माझे वडील द्राक्षवाले, पण त्यांचे वडील बाजरीत मटकी टाकायचे. वडिलांनी ते शेत बघितलं आणि तिथल्या बाईंना मला विचारायला लावलं की घेवडा मक्याच्या किती दिवस मागे टोकायचा. ताटाला जोर येऊ दे, मग घेवडा, असं त्या म्हणाल्या. शेती बायकांकडे असायची हेही त्यांनीच सांगितलं. वडील म्हणाले, "आपल्याकडं पण बायकांकडंच असते, सातबारा तेवढा आपल्या नावावर." मी हे भाषांतर करून सांगितलं. त्या बाई जोरात हसल्या.

याच जागेची दुसरी गोष्ट शाळेत बहुतेक घाईत उरकतात. पटक्सेट हे वाम्पानोआग लोकांचं भरलेलं गाव होतं. १६१६ ते १६१९ च्या दरम्यान साथीच्या रोगानं ते ओस पडलं. टिस्क्वांटम नावाच्या ज्या माणसानं इंग्रजांना मका लावायला शिकवला, त्याला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानानं पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तिथून तो इंग्लंडला पोचला, १६१९ मध्ये घरी परतला, तर गावात कुणी जिवंत नव्हतं. मेफ्लॉवरवाले उतरले ते रानात नाही, दुसऱ्यानं साफ केलेल्या शेतात. हे डोक्यात ठेवून पुढच्या गावात गेलात की ते गाव वेगळं दिसतं.

आता इंग्रजांचं गाव. टेकडीवर तोफा ठेवलेला लाकडी किल्ला, तिथून खाली समुद्राकडे उतरत जाणारा एकच रस्ता, दोन्ही बाजूंना एकेका खोलीची घरं. सरळ आत शिरायचं. कुणी चुलीशी असतं, कुणी लाकूड तासत असतं, कुणी वाफ्यातलं तण काढत असतं. धूर डोळ्यांत जातो. भिंती म्हणजे आपला कूडच, काटक्यांवर माती आणि गवताचा गिलावा, बाहेरून फळ्या. वर गवतानं शाकारलेलं. दादांना शाकारणीतल्या खोडी तुमच्यापेक्षा जास्त दिसतील. १६२१ च्या जानेवारीत पहिल्या सामाईक घराचं असंच छप्पर ठिणगी पडून जळालं होतं.

१६२७ च का, हे दादांना सांगा. त्या वर्षी गावात गुरांची वाटणी झाली. माणसांचे १२ गट, प्रत्येकात १३ जण, आणि कुठल्या गटाला कुठली गाय, कुठल्या शेळ्या, याचं रीतसर वाटणीपत्र. त्यात बायकापोरांसकट नावं आहेत. म्हणून ते गाव माणसानिशी उभं करता येतं. (आमच्या वडिलांची पहिली प्रतिक्रिया: "१६२७? म्हणजे शिवजन्माचं जुनं साल!" मग अर्धा तास जुनी तिथी का नवी, यावर. तुमच्याकडे हा विषय निघाला तर मला दोष देऊ नका.)

आणि संकोचाचं म्हणाल तर युक्ती एकच. इतिहासाचे प्रश्न विचारू नका, कामाचे आणि पैशाचे विचारा. "तुम्ही इथे का आलात?" म्हटलं की धर्मस्वातंत्र्याचं नेहमीचं उत्तर मिळतं. "कर्ज किती राहिलं?" विचारा आणि बघा. या लोकांनी लंडनच्या सावकारांच्या पैशावर प्रवास केला होता. १६२७ च्या सुमारास गावातल्या काही पुढाऱ्यांनी १८०० पौंडांत सावकारांचा वाटा विकत घ्यायचं ठरवलं आणि ते देणं बीव्हरच्या कातड्यांवर फेडत बसले. सगळा हिशेब मिटायला १६४० चं दशक संपत आलं. आमच्या वडिलांनी सोसायटीच्या कर्जाची सगळी चौकशी त्या माणसाकडे केली: व्याज किती, जामीन कोण, पीक बुडालं तर काय. तो गडी भूमिका न सोडता रंगात आला आणि लंडनवाल्यांना शिव्या घालायला लागला. मी मधे दुभाषा. वडिलांनी शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "व्हतंय, फिटतंय" म्हटलं. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

दुसरा खात्रीचा विषय गुरं. पहिल्या गायी १६२४ मध्ये आल्या, तीन कालवडी आणि एक वळू. त्याआधी तीन वर्षं गावात गाईचं दूध नाही, लोणी नाही. सासूबाईंना हे सांगा, त्यांना लगेच कळेल.

"तुम्ही कुठून आलात?" असं ते विचारतात. "सुरतेच्या खालून" असं सांगायचं. ईस्ट इंडिया कंपनीची वखार तेव्हा सुरतेला होती, त्यामुळे धागा जुळतो. मला एकीनं "म्हणजे मोगलांच्या मुलखातून? मग मिरी काय भाव?" असं विचारलं होतं.

एडिसनकर:

तासगावकरांचा उत्साह मान्य, पण दुसरी बाजू मांडतो. तिथलं एकही घर खरं नाही. हे संग्रहालय १९४७ मध्ये सुरू झालं, सगळी घरं त्यानंतरची. मूळ गाव तर तिथून काही मैलांवर, आजच्या प्लिमथच्या बाजारपेठेतल्या लेडन स्ट्रीटखाली आहे. मला तो हावभाव करून बोलण्याचा प्रकार झेपत नाही, शाळेच्या गॅदरिंगमध्ये बसल्यासारखं वाटतं.

स्थलांतरितांचं खरं आयुष्य बघायचं असेल तर न्यूयॉर्कचं टेनेमेंट म्युझियम बघा. ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट, १८६३ ची इमारत. १९३५ मध्ये मालकानं वरच्या मजल्यांवरचे भाडेकरू काढले आणि खोल्या तशाच बंद राहिल्या. भिंतींवर कागदाचे थरावर थर आहेत. तीन छोट्या खोल्यांत अख्खं कुटुंब आणि वर शिवणकामाचा धंदा. गिरणगावच्या चाळीत वाढलेल्या माझ्या आईला तिथे काही समजावून सांगावं लागलं नाही. जिने मात्र चढावे लागतात, गुडघ्यांचं बघा.

तासगावकर:

एडिसनकर, टेनेमेंट बघितलंय, उत्तम आहे. पण तिथे कशाला हात लावता येत नाही, आणि लावूही नये, कारण ते खरं आहे. इथे घरं नवी आहेत म्हणूनच चूल पेटवता येते, भिंत लिंपता येते, पावसानं गिलावा उतरला की पुन्हा चढवता येतो. शेतकऱ्याला वस्तू बघण्यात रस नसतो हो, ती कशी वापरतात त्यात असतो. आमच्या वडिलांनी तिथल्या एका पोराच्या हातातली कुऱ्हाड घेऊन दांडा सैल आहे म्हणून पाचर मारायला सांगितली होती. काचेमागे ठेवलेल्या कुऱ्हाडीला कोण पाचर मारणार?

शेळ्यांचंही तेच. इंग्लंडातली त्या काळची जात उरली नाही, म्हणून इथे न्यूझीलंडच्या अरापावा बेटावरच्या शेळ्या पाळल्या होत्या, जुन्या इंग्रजी शेळ्यांशी नातं सांगतात म्हणून. खऱ्या-खोट्याचा हिशेब लावायचा तर त्या शेळीला काय म्हणाल?

शर्वाणी:

थोडं व्यवहाराचं. वाट मातीची आणि चढउताराची आहे, किल्ल्याकडून खाली जाताना उतार चांगलाच जाणवतो. सासूबाईंना काठी आणि पक्के बूट. चपला नकोत. सगळ्यांना पूर्ण पायांचे कपडे आणि घरी आल्यावर मुलीचे पाय तपासा, या भागात गोचिडी खूप आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळी शाळांच्या पिवळ्या बसांची रांग लागते. दुपारी जेवून गेलात तर नटमंडळी निवांत बोलतात. थंडीत बंद असतं, म्हणून थँक्सगिव्हिंगच्या पुढे ढकलू नका. व्हिजिटर सेंटरमध्ये कॅफे आहे, पण आमच्या सासूबाईंसाठी मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते.

मेफ्लॉवर टू हे जहाज, म्हणजे मूळ मेफ्लॉवरची प्रतिकृती, त्या गावात नाही, बंदरावर आहे, गाडीनं जावं लागतं. १९५७ मध्ये इंग्लंडहून शिडं लावून खरंच अटलांटिक पार करून आलेलं आहे. मधल्या मजल्यावर उतरलात की १०२ माणसं तिथे दोन महिने कशी राहिली असतील, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. सासूबाईंना जिना नको असेल तर धक्क्यावरून बघितलं तरी चालेल. जवळच प्लिमथ रॉक आहे, मेफ्लॉवरवाले ज्यावर उतरले म्हणतात तो, त्याकडून अपेक्षा ठेवू नका. खड्ड्यात एक दगड, वर १६२० कोरलंय. "हाच तो दगड" असं पहिल्यांदा सांगितलं ते १७४१ मध्ये, एका ९४ वर्षांच्या आजोबांनी.

आणि ऑक्टोबरात जाणार असाल तर शेजारच्या कार्व्हरला क्रॅनबेरीची काढणी बघा. शेतात पाणी सोडतात, फळं वर तरंगतात, सगळं तळं लाल. पिशवीभर घेऊन या, लोणचं कैरीच्या तोंडात मारेल असं होतं.

अवनीची_आई:

सगळ्यांचे आभार! नवऱ्याला कर्जाचा भाग वाचून दाखवला, तोच आता रविवारचं तिकीट बघतोय. लेकीला प्रोजेक्टसाठी दोन प्रश्न विचारायचेत, एक इंग्रजांच्या गावात आणि एक पटक्सेटच्या वस्तीत. तिनं लिहिलेत: "तुम्ही काय खाता?" आणि "तुम्ही काय खाता?" 😄 काही सुचवाल का? शर्वाणी, लोणच्याची कृती द्याच.

तासगावकर:

दोन्हीकडे तोच प्रश्न विचारू दे, उलट मजा येईल. इंग्रजांकडे काटे नव्हते, सुरी, चमचा आणि बोटं. मांडीवर मोठा पंचा घेऊन जेवायचे. अवनीला सांगा, हातानं जेवण्यात ती तरबेज आहे.

पण तिला एक जास्तीचा प्रश्न द्या: "ख्रिसमसला सुट्टी असते का?" हे लोक ख्रिसमस मानत नसत. १६२१ मध्ये गव्हर्नर ब्रॅडफर्डनं त्या दिवशी सगळ्यांना कामाला बोलावलं. नुकत्याच आलेल्या काही जणांनी आमच्या सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून नकार दिला. बरं म्हणून तो बाकीच्यांना घेऊन कामावर गेला आणि दुपारी परत येतो तर ही मंडळी रस्त्यात खेळतायत. त्यानं त्यांचं खेळायचं सामान जप्त केलं. सण पाळायचा तर घरात बसून पाळा, म्हणाला, इतर कामावर असताना तुम्ही रस्त्यात खेळावं हे माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही.

पटक्सेटच्या वस्तीत विचारायला सांगा: "तुमच्या घरी थँक्सगिव्हिंगला काय करतात?" १९७० पासून त्या दिवशी प्लिमथच्या कोल्स हिलवर मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. तिथे वाम्पानोआगांचा त्या काळचा प्रमुख मासासोइट याचा पुतळा आहे, बंदरावरून दिसतो. उत्तर प्रत्येक जण वेगळं देईल. ते जसंच्या तसं वहीत लिहून घ्यायला सांगा, बाई खूश होतील.

शर्वाणी:

पाव किलो क्रॅनबेरी, प्रत्येकीचे दोन तुकडे. मीठ लावून अर्धा तास. दोन चमचे मोहरीची डाळ, एक चमचा मेथीची तळून केलेली पूड, तिखट अंदाजानं, हिंग सढळ. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून ओता. गूळ हवाच, लिंबाएवढा खडा, नाहीतर दात आंबतील. पंधरा दिवसांत संपवा. फ्रिजमध्ये.