मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो की कृत्यांनी? मुलीला काय सांगू?

नगरची लेक, वसईची सून
जय ख्रिस्त. माझं माहेर अहमदनगरचं, चार पिढ्या प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. पंधरा वर्षांत यावरून घरात कधी वाद झाला नाही. प्रश्न काढला तो माझ्या बारा वर्षांच्या मुलीने.

सासूबाई ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात मासळी बंद करतात आणि बाजाराचे वाचलेले पैसे गरिबांसाठी पुठ्ठ्याच्या पेटीत टाकतात. पेटी येशूच्या तसबिरीखाली असते, मुलगी रोज हलवून बघते. परवा माझे पप्पा आले होते. तिने विचारलं, "आजोबा, या पेटीमुळे आजीला स्वर्ग मिळेल ना?" पप्पा म्हणाले, "नाही बाळा. तारण कृपेने मिळतं, पैशाने नाही." सासूबाई आत पोळ्या लाटत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण रात्री आमच्याबरोबर जेवायला बसल्या नाहीत.

मी पप्पांचं बायबल उघडलं. रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय लाल पेन्सिलीने भरलेला. तिथे ३:२८ मध्ये पौल म्हणतो की मनुष्य नियमशास्त्राच्या कृत्यांवाचून विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो. त्याखाली इतक्या वेळा रेघ ओढलीय की कागद खरवडलाय. याकोबाचं पत्र मात्र कोरं करकरीत. तिथे २:२४ मध्ये लिहिलंय की मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कृत्यांनी नीतिमान ठरतो. मी हे आयुष्यात पहिल्यांदा थांबून वाचलं. पौल आणि याकोब दोघेही उदाहरण देतात अब्राहामाचंच! "याकोबाला तसं म्हणायचं नव्हतं" एवढ्यावर कृपया बोळवण करू नका. मुलीला ते पटणार नाही, मलाही पटत नाही.

निवृत्त पाळक, सोलापूर
ताई, रोमकरांस ३:२८ हा आपल्या परंपरेचा कणा आहे, म्हणून वडिलांची पेन्सिल तिथे थांबते. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात त्या वचनात 'केवळ' हा शब्द आपल्या पदरचा घातला, आणि याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं. खरं तर 'केवळ विश्वासाने' हे शब्द नव्या करारात एकदाच येतात, तेही याकोबात, नकारासह. मी इतकी वर्षं उपदेश केला, पण मंडळीला हे सांगायला कचरलो. त्याची आज खंत वाटते.

आता अब्राहाम. उत्पत्ती १५ मध्ये त्याने विश्वास ठेवला आणि तो नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. तेव्हा त्याचा मुलगा इसहाक जन्मलेला नव्हता, सुंतेची आज्ञाही सतराव्या अध्यायात येते. पौल नेमकं तिथे बोट ठेवतो, कारण परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, सुंतेची सक्ती करावी का, हा वाद त्याच्यापुढे होता. याकोब बाविसाव्या अध्यायाकडे बघतो, जिथे अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून त्याच मुलाला अर्पण करायला वेदीवर ठेवतो. त्याच्यापुढे निराळाच माणूस उभा आहे: उघड्या-उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घ्या" म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारा.

धर्मशिक्षणाच्या वर्गातली बाई, वसई
पेटीने स्वर्ग विकत मिळतो असं आमचं चर्चही शिकवत नाही, हे आधी सासूबाईंच्या वतीने सांगते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या महासभेने जानेवारी १५४७ मध्ये नीतिमान ठरण्याविषयी जे नियम केले, त्यातला पहिलाच असा की ख्रिस्ताच्या कृपेवाचून स्वतःच्या कृत्यांनी माणूस नीतिमान ठरतो म्हणणाऱ्याचा धिक्कार असो. भांडण त्यापुढचं आहे. ल्यूथरच्या मते देव न्यायाधीशासारखा माणसाला नीतिमान जाहीर करतो. ट्रेंट म्हणते, तो माणसाला आतून नवा करतो आणि त्या कृपेला माणसाने साथ द्यायची असते.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघाने संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपण कृपेनेच स्वीकारले जातो, आपल्या पुण्याईने नव्हे, आणि तीच कृपा सत्कृत्यांना बळ देते. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड ही प्रोटेस्टंट चर्चेस त्यात आली. सगळं मिटलं असं नाही.

मुलांना मी 'ठरणे' हा शब्दच फोडून सांगते. आरोपी निर्दोष ठरतो तेव्हा न्यायाधीश बोलतो. अडीनडीला धावून येणारा खरा मित्र ठरतो तेव्हा त्याचं वागणं बोलतं. पौलाचं ठरणं पहिलं, याकोबाचं दुसरं.

निवृत्त पाळक, सोलापूर
बाई, उदाहरण मोलाचं आहे. फक्त एक जपा. याकोब २:१४ मध्ये थेट विचारतो, असा विश्वास त्याला तारू शकेल काय? म्हणजे तोही तारणाविषयीच बोलतोय, नुसतं लोकांना दाखवण्याविषयी नाही. गलतीकरांस ५:६ सोबत वाचा. प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास, असं खुद्द पौलच म्हणतो.

नगरची लेक, वसईची सून
दोघांचे मनापासून आभार. काल सासूबाईंना पहिल्यांदाच विचारलं, पेटीत पैसे का टाकता? म्हणाल्या, "येशूने केलं ते माझ्याने फिटायचं नाही गं. पण मग मी गप्प कशी बसू?" मुलगी शेजारीच होती, तिने पुढे काही विचारलं नाही. रात्री फोनवर पप्पांना हे जसंच्या तसं सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "विहीणबाई जाग्या आहेत का? त्यांना फोन दे."