मार्गशीर्षातल्या लग्नाचे रंग
ताई, मुलीचं लग्न मार्गशीर्षात, तेही गुहागरला घरच्या अंगणात, आणि हिवाळा म्हणून तुम्हाला मंडपाच्या सजावटीला पांढरा-चंदेरी सुचवला गेलाय. माझा त्याला ठाम विरोध आहे. आपल्याकडे थंडीत बर्फ पडत नाही, लख्ख ऊन असतं. मागे जांभ्याची लाल भिंत, वर पोफळीचा हिरवा. त्यापुढे चंदेरी अगदी निर्जीव दिसतं. शिवाय तांबडी धूळ! पांढऱ्या पडद्यांची खालची वीतभर कड दुपारपर्यंत गेरूत बुडवल्यासारखी होते.

नवरीची अष्टपुत्री, म्हणजे लग्नविधीतली साडी, पिवळी, चुडा हिरवा. मग मंडपही पिवळा करू नका, ती त्यात हरवून जाईल. कापड सायीच्या रंगाचं घ्या, जोडीला अबोलीची केशरी छटा आणि थोडा गडद हिरवा. झेंडू तोरणापुरता. शेवंतीचा हंगाम असतो, ती भरपूर वापरा.

संध्याकाळच्या स्वागत समारंभाला मात्र जांभळा, गडद निळा टाळाच. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पिवळ्या दिव्यांखाली हे रंग फोटोत काळपट येतात. तिथे डाळिंबी छान उठेल. कापडाचा तुकडा आधी अंगणातल्या उन्हात आणि रात्री दिव्याखाली धरून बघा, मगच डेकोरेटरला ॲडव्हान्स द्या.