मदत हवी आहे: आईच्या वरच्या पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतर काय अपेक्षा ठेवावी?

नमस्कार. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. माझ्या आईचे वय 63 असून तिच्या दोन्ही वरच्या पापण्यांची कातडी इतकी सैल होऊन खाली आली आहे की निमाणी बसस्थानकावर बसची पाटी वाचताना ती बोटाने पापणी वर धरते आणि भुवया सतत ताणल्यामुळे संध्याकाळी तिचे कपाळ दुखू लागते. नात्यातल्या काहींना हे या वयातले नटणे वाटते, याचे मला फार वाईट वाटते.

डॉक्टरांनी ब्लेफरोप्लास्टी सुचवली आहे. पापणीच्या घडीतच छेद घेऊन जादा कातडी काढतात, बहुधा स्थानिक भूल पुरते आणि साधारण 5 ते 7 दिवसांनी टाके काढतात. सूज व काळेनिळे डाग दोनेक आठवडे राहू शकतात.

माझी खरी काळजी कोरडेपणाची आहे. आईला आताच दिवसातून चार वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावे लागतात आणि शस्त्रक्रियेनंतर काही काळ पापणी पूर्ण मिटत नसल्याने हा त्रास वाढू शकतो. ज्यांचे डोळे आधीपासून कोरडे होते, त्यांनी रात्री काय काळजी घेतली आणि पापणी नीट मिटायला किती दिवस लागले? शिवाय, केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविम्यात सहसा मिळत नाही. पापणीमुळे दिसण्याचा आवाका किती कमी झाला हे दाखवणाऱ्या दृष्टिक्षेत्र चाचणीचा अहवाल जोडून कोणाचा दावा मंजूर झाला असल्यास कृपया सविस्तर कळवावे.