आमचे अण्णा, साचे खात्यातले

ताई, वडिलांचा रंधा तुम्ही अजून तेल लावून जपता हे वाचलं आणि आमचे आजोबा डोळ्यांसमोर उभे राहिले. अण्णा लालबागच्या एका कापड गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या नळीच्या भोकातून सूत तोंडाने ओढायचे; कापसाची तूस छातीत साठली ती कायमची. कापडाच्या दुकानात डोळे मिटून अंगठा नि तर्जनीत पोत चोळायचे, आणि तुटका धागा बरोब्बर सापडायचा! साच्यांच्या खडखडाटात कान गेले, पण आम्हा नातवंडांची कुजबुज ओठांवरून ओळखत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर अण्णा साच्यापुढे उभे राहिलेच नाहीत. त्यांची सूत कापायची छोटी कातर मात्र शेवटपर्यंत उशाखाली असायची. आता ती माझ्याकडे आहे.